पक्कड गुरुवारी कुठे जातो

तिसऱ्या मजल्यावरच्या मेट्रनबाईंनी या वयात घर मांडलं, अशी कुजबूज त्या इमारतीत आधी जिन्यात सुरू झाली, मग गच्चीवर गेली आणि शेवटी तळमजल्यावरच्या शिंपिणीच्या दुकानात उतरली. तिथे तिला बाह्या, कॉलर, खिसे असं सगळं शिवून मिळालं. नवरदेव कोण, तर भांडी धुण्याच्या मशीनचा मेकॅनिक. वय वर्षं सेहेचाळीस. बाई अडुसष्टच्या. दर गुरुवारी दुपारी एकला त्याची स्कूटर फाटकाशी लागते, गडी वर जातो, दार लागतं आणि दोनला दहा कमी असताना तो तोंड धुऊन, ओल्या केसांवरून हात फिरवत खाली येतो.

"बरं, हत्यारांची पेटी खालीच, स्कूटरला," शिंपीण दाताने दोरा तोडत म्हणायची. "मशीन काय नखांनी दुरुस्त करतो का?"

"अगं वहिनी, मी परवा पायपुसणं झटकायला म्हणून वर गेले होते," काजं-बटणं करणारी तिची नणंद सांगायची. तळमजल्यावरची बाई पायपुसणं झटकायला तिसऱ्या मजल्यावर का जाते, हे तिला कुणी विचारलं नाही. "दाराला कान लावला. म्हणजे लावला नाही हं, लागला. आत नुसता पाण्याचा आवाज. खळ्ळ खळ्ळ."

"पाण्याचा?"

"पाण्याचा."

मग दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि शिलाई मशीन जरा जोरात चालायचं.

आता या माणसाची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण शिंपिणीच्या हाती लागलेलं कापड फाटकंच असायचं. कंपनीत त्याला सगळे पक्कड म्हणत. पँटच्या मागच्या खिशात कायम पक्कड खोचलेली असे, हे एक. आणि एखाद्या मशीनचं दुखणं हाती लागलं की सोडायचा नाही, हे दुसरं. एकदा एका घरी पाणी का गळतंय ते सापडेना, तर हा ओट्याखाली शिरून चार तास बाहेरच आला नाही. घरातल्या बाईने शेवटी खाली वाकून विचारलं होतं, "भाऊ, जेवण तिथेच सरकवू का?"

पण ही कीर्ती जुनी. अलीकडची दोन वर्षं पक्कड सैल पडला होता. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. सिग्नलला स्कूटर थांबली की हँडलवर कपाळ टेकायचा आणि मागच्यांनी हॉर्न वाजवला की दचकून निघायचा. घरी म्हातारे वडील. त्यांची आठवण झिजत झिजत आता एका माणसापुरती उरली होती आणि तो माणूस म्हणजे हा. सून कोण, नात कोण, काही पत्ता नाही. रात्र झाली की म्हातारा ऑफिसला निघायचा. बूट शोधायचा, दाराची कडी काढायचा, कुणी अडवलं तर रडायचा. मग पक्कडने उठायचं, त्यांना खुर्चीत बसवायचं, खोटीखोटी फाइल हातात द्यायची. असं रात्रीतून तीनदा, कधी पाचदा. बायको म्हणायची, "अहो, आज मी उठते." ती उठलीच तर म्हातारा तिला चोर समजून ओरडायचा. की परत हाच उठायचा.

दिवसाची घडी मात्र नवरा-बायकोने पक्की बसवली होती. बायको बेकरीत कामाला, बाराला निघायची. मुलगी कॉलेजातून चारला यायची. मधले चार तास म्हातारा एकटा. त्यात बरोबर एक वाजता पक्कड, जिथे असेल तिथून, स्कूटर हाणत घरी यायचा, वडिलांना भरवायचा, टीव्ही लावून द्यायचा, दोनच्या ठोक्याला पुन्हा कामावर. ही घडी टिकली होती ती एवढ्याचसाठी, की पक्कडचं काम शहरात फिरतीचं होतं. कंपनीचा नियम असा होता, की एकाच मशीनवर तिसरी तक्रार नोंदली गेली तर मेकॅनिकची फिरती बंद आणि रवानगी गोदामात. गोदाम बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे. सकाळी सातला आत, संध्याकाळी सातला बाहेर. एकला घरी येण्याचा प्रश्नच नाही. म्हातारा दुपारी रस्त्यावर गेला तर त्याला बघणारं कुणी नाही. पक्कडला पगाराची, मानाची, कशाची भीती वाटत नव्हती. भीती होती ती त्या गोदामाची.

आणि मेट्रनबाईंच्या मशीनवर दोन तक्रारी नोंदून झाल्या होत्या.

मेट्रनबाई म्हणजे मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं वॉर्डावर घालवलेली बाई. अजूनही जिना चढताना असा पाय टाकायच्या, की वरच्या मजल्यावरचे लोक नकळत कपडे नीट करायचे. बोटांना संधिवात, म्हणून परगावच्या मुलीने डिशवॉशर घेऊन दिला होता. बाईंना आधी तो पटला नव्हता. "मी काय लुळी झालेय?" असं त्या मुलीला फोनवर चांगलं पाच मिनिटं ऐकवत होत्या. मग एका सकाळी बोटं वळेनाशी झाली, तेव्हा गुपचूप बटण दाबलं.

काही महिन्यांनी मशीनमधून भांडी तेलकट निघायला लागली. पहिली तक्रार गेली, पक्कड आला.

"बूट बाहेर. हात धुवा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मशीनलाच हात लावायचाय."

"म्हणूनच धुवा."

त्याने हात धुतले. मशीन चालू केलं, थोड्या वेळाने थांबवून दार उघडलं, पाण्यात बोट घातलं. कोमट. हे पाणी कढत पाहिजे. डिशवॉशरला पाणी गरम करायला तळाशी हीटर असतो आणि तो किती तापू द्यायचा ते ठरवणारा थर्मोस्टॅट. दिसायला कोटाच्या बटणाएवढी चकती, मागे दोन पाय, त्यांना दोन वायरी. पाणी पुरेसं तापलं की चकतीतली पातळ पत्री टक् करून उलटते, हीटरची वीज तुटते. गार झालं की पत्री परत जागेवर. एवढंच तिचं आयुष्य. पक्कडने प्लग काढला, खालची पत्र्याची पट्टी उघडली, पालथं पडून टॉर्च तोंडात धरला, चकतीच्या दोन पायांना, वीज पार जात असली की वाजतं ते मीटर लावलं. मीटर वाजलं. म्हणजे थर्मोस्टॅट जिवंत. मग उरला हीटर. त्यावर क्षाराचा पांढरा थर होता. बदलला. पाणी पुन्हा तपासलं, जरासं ऊन लागलं.

"झालं, मॅडम."

बाईंनी स्वतः बोट घातलं. "हे अंघोळीला ठीक आहे. तेलकट पातेल्याला नाही."

"हळूहळू तापेल."

पूर्वीचा पक्कड असं म्हणाला नसता. पण आदल्या रात्री तो चार वेळा उठला होता आणि पुढे सहा घरं बाकी होती.

चौथ्या दिवशी दुसरी तक्रार. या खेपेला पक्कडच्या डोक्यात प्रकाश पडला होता. थंड असताना मीटरवर वाजणारा थर्मोस्टॅट जरा तापला की आजारी पडू शकतो. चकती थंडीत ठणठणीत आणि पाणी कोमट झालं रे झालं, की अंग टाकणार. म्हणून तो नवा थर्मोस्टॅट घेऊनच आला. जुना काढला, ओट्यावरच्या बशीत ठेवला, नवा पाकिटातून काढून त्याच बशीत ठेवला आणि तेवढ्यात फोन वाजला. शेजाऱ्याचा. म्हातारा पायजम्यावर कोट घालून रस्त्यावर उभा आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऑफिसची बस विचारतोय.

पक्कड बाल्कनीत गेला. बाईंना आतून सगळं ऐकू येत होतं.

"त्यांच्याकडे द्या फोन. बाबा? बाबा, मी बोलतोय. आज सुट्टी आहे ऑफिसला. हो, साहेबांनीच सांगितलंय. नाही, तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही. काकांबरोबर घरात जा. बसा. मी आलोच. हो बाबा, फाइल घेऊनच येतो."

तो आत आला तो स्कूटरची किल्ली हातात घेऊनच. बशीतली एक चकती उचलली, बसवली, दुसरी पाकिटात घातली, पाकिटावर तक्रारीचा नंबर लिहिला, मशीन आत ढकललं. चाचणी न घेता निघाला. मेकॅनिकने मशीन चालवून न बघता निघणं म्हणजे स्वयंपाकिणीने चव न घेता वाढणं. हे त्याला जिन्यातच जाणवलं होतं. पण पाय थांबले नाहीत.

पाच दिवसांनी त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मेकॅनिक का? मी तिसऱ्या मजल्यावरून बोलतेय, पावतीवर तुझा नंबर होता. पाणी अजून कोमटच आहे."

पक्कडने स्कूटर कडेला घेतली. "मॅडम, तक्रार नोंदवली?"

"नोंदवली असती तर तुला कंपनीचा फोन आला असता. माझा कशाला आला असता? केव्हा येतोस?"

गुरुवार सांगितला. गुरुवारी बायकोची सुट्टी, ती घरी असे. म्हणजे आठवड्यातला हा एकच दिवस एकच्या सुमारास त्याच्या नावावर होता. खरं तर त्या दिवशी घरी जाऊन पडावं. पण घरी पडलं तर म्हातारा दर दहा मिनिटांनी हाक मारणार, "बाळ, फाइल कुठाय?" त्यामुळे गुरुवारी तो स्कूटर कुठल्यातरी झाडाखाली उभी करून तिच्यावरच बसल्या बसल्या पेंगायचा. कुत्री भुंकली की जागा.

तर त्या गुरुवारी तो आला. हात न सांगता धुतले. पट्टी उघडली, चकती काढली आणि उजेडात धरली. तिच्या कडेवर एक लाल ठिपका.

"हे काय लागलंय?"

"नेलपॉलिश," बाई म्हणाल्या. "मी लावलं."

"केव्हा?"

"तू बाल्कनीत होतास तेव्हा. जुन्यावर लावलं. वॉर्डात आम्ही सगळ्यावर खूण करायचो. थर्मामीटर, कात्री, बेडपॅनसुद्धा. नाहीतर बाजूच्या वॉर्डातले आपलं चांगलं नेऊन त्यांचं मोडकं ठेवतात. हाताला सवयच आहे."

पक्कडने चकती उलटसुलट करून पाहिली. मग तो भिंतीला टेकून फरशीवरच बसला.

"म्हणजे मी जुनाच परत बसवला."

"तसं दिसतंय."

"आणि नवा पाकिटात घालून स्टोअरला जमा केला. खराब म्हणून."

"तेही दिसतंय."

"बाई, बावीस वर्षं हे काम करतोय मी." त्याच्या तोंडून मॅडमऐवजी बाई कधी निघालं, त्याला कळलं नाही. "शिकाऊ पोरगंसुद्धा असं करत नाही हो."

"शिकाऊ पोरं रात्री झोपतात," बाई म्हणाल्या. "कधीपासून जागतोयस?"

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

बाईंनी सहानुभूतीचा एक शब्दही काढला नाही, तो त्यांचा प्रांतच नव्हता. त्यांनी वाटीभर पाणी कोमट करून आणलं आणि कपाटातून तोंडात धरायचा थर्मामीटर. "आता तरी नीट तपास. या चकतीचंच दुखणं आहे की आणखी कशाचं, ते कळू दे. अंदाजाने औषध देणाऱ्यांनीच माणसं मारली आहेत."

मग दोघं जेवणाच्या टेबलावर बसले. पक्कडने चकतीला मीटरच्या वायरी जोडल्या, ती पातळ पिशवीत घालून पाण्यात बुडवली. मीटर एकसुरी वाजत होतं. बाई चष्मा नाकावर ओढून थर्मामीटर धरून होत्या आणि अधूनमधून केटलीतलं कढत पाणी चमच्याने सोडत होत्या.

"छत्तीस. सदतीस. साडेसदतीस. अडतीस."

मीटर वाजत होतं.

"एकोणचाळीस."

टक्. मीटर गप्प.

"एकोणचाळीसला आम्ही डॉक्टरांना बोलवायचो," बाई म्हणाल्या. "ही बया तर गेलीच."

जिला पासष्टपर्यंत टिकायला हवं ती एकोणचाळीसला मान टाकत होती. निदान पक्कं झालं. कितीतरी दिवसांनी पक्कडच्या तोंडावर जुनं हसू आलं. ते फार टिकलं नाही, कारण नवी चकती स्टोअरमध्ये होती आणि याच मशीनसाठी दुसरी मागितली तर स्टोअरवाला विचारणार, मागच्या आठवड्यात नेलीस तिचं काय केलंस? मग साहेब, मग चौकशी, मग गोदाम. तिसऱ्या तक्रारीच्या नियमापासून घरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं त्याने बाईंना सांगून टाकलं.

"मी आणखी तक्रार करणार नाही," बाई म्हणाल्या. "तिसरी, जी काय असेल ती. पण हे लक्षात ठेव, मला कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये मी कधी खोटं लिहिलं नाही. बोलतही नाही."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"मग मी कशाला बोलू? मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

स्टोअरवाल्याची एक तऱ्हा होती. जमा झालेल्या पार्टची चांगली पाकिटं वाया कशाला घालवा म्हणून तो आतला माल एका डब्यात ओतायचा आणि पाकिटं परत वाटायचा. त्यामुळे पक्कडला पाकीट सापडलं, त्यावरचा स्वतःच्या अक्षरातला नंबरही सापडला, पण आत दुसऱ्याच कुणाचातरी रबराचा पट्टा होता. डब्यात वीस-पंचवीस चकत्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्यांना ग्रीस. स्टोअरवाला चहाला गेला तेवढ्यात त्याने वरच्या वर मूठभर उचलल्या आणि पुढच्या गुरुवारी त्या बाईंच्या टेबलावर ओतल्या. सात निघाल्या.

"यातली कुठली?" बाईंनी विचारलं.

"तेच शोधायचंय. सगळ्या पाण्यात घालून बघू."

बाईंनी एकेक चकती कापसाने पुसली, उलटी केली, चष्म्याखाली धरली. सहावीला थांबल्या. "हिला अजून सुई टोचलेली नाही."

पक्कडने पाहिलं. वायरीचे चिमटे चकतीच्या पायांवर घट्ट बसतात, काढताना ओरखडा उमटतो. बाकीच्या सहाही चकत्यांच्या पायांवर ओरखडे होते. हिचे पाय कोरे. हे त्याला स्टोअरमध्येच दिसायला हवं होतं. दिसलं नव्हतं.

तरी तपासणी झाली. बाईंनी बेचाळीसपर्यंत मोजलं, तापाचा थर्मामीटर त्यापुढे जात नाही. मीटर वाजत राहिलं. मग केटली थेट ओतली, तेव्हा कुठे टक् झालं. वाटी गार व्हायला ठेवली, मीटर पुन्हा वाजू लागलं. चकती निरोगी. पक्कडने ती बसवली, चिमटे हलवून पाहिले, पट्टी लावली, मशीन आत सरकवलं.

"आता पूर्ण चालवून बघायचं," बाई म्हणाल्या. "किती वेळ?"

"पावणेदोन तास. पण पहिल्या चाळीस मिनिटांत पाणी तापलं की कळतं."

"चाळीस तर चाळीस. बस इथेच. या वेळी चव घेतल्याशिवाय सोडायची नाही."

तो मशीनशेजारी फरशीवर बसला. आत पाणी भरलं, फवारा फिरू लागला, भांड्यांवर एका लयीत सपसप आवाज. भिंत गार होती. कुणी हाक मारत नव्हतं. पक्कडने पाठ टेकली, मान टेकली आणि मग तो हळूहळू कलंडत गेला, एखादी गोणी कलंडावी तसा, आणि फरशीवर आडवा झाला. तोंड उघडं, एक हात पोटावर, मागच्या खिशातली पक्कड कुशीत रुतलेली.

बाईंनी वाकून ती पक्कड काढून घेतली. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवला. खिडकीचा पडदा ओढला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडलं. अर्ध्या तासाने मशीनचं दार किंचित उघडून पाहिलं, तर वाफेने चष्माच धुरकटला.

सव्वादोनला त्याचा फोन वाजला. ऑफिस. बाईंनी उचलला.

"मेकॅनिक कुठाय?"

"मशीनची चाचणी चालू आहे," बाई म्हणाल्या. चालूच होती.

साडेतीनला मशीन थांबलं आणि त्या शांततेनेच पक्कड जागा झाला. घड्याळ बघितलं आणि ताडकन उठून बसला. "बाई! उठवायचं ना मला!"

"तुला उठवणं मला जमलं नसतं. मी दोन हाका मारल्या. तू म्हणालास, बाबा, आज सुट्टी आहे."

तो धावतच निघाला. दारात बाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी ये. मशीन परत बघायला."

"आता काय बघायचं? पाणी कढत आहे."

"तू ये म्हणते ना. जेवणाची सुट्टी एक ते दोन असते तुझी, दोनला दहा कमी असताना मी उठवीन. या वेळी पाणी मारून उठवीन. पेटी आणू नकोस."

तो आला. पहिल्यांदा लाजत आला, फरशीवरच आडवा होऊ लागला, तेव्हा बाईंनी दिवाण दाखवला. पण दिवाणावर त्याला झोप येईना. मग बाईंनी सकाळची चार भांडी आत टाकून मशीन लावलं. तो आवाज सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला गडी घोरू लागला. तेव्हापासून बाई गुरुवारची भांडी राखून ठेवायच्या आणि बरोबर एक वाजता बटण दाबायच्या. शिंपिणीच्या नणंदेच्या कानाला लागलेलं पाणी ते हे.

सहा-सात गुरुवार असे गेले. मग कंपनीत एक फोन गेला. नाव सांगितलं नाही, पण मागे शिलाई मशीन चालू होतं म्हणतात. "तुमचा माणूस दर गुरुवारी एका एकट्या बाईच्या घरी असतो, आम्हाला काय करायचंय म्हणा, पण कंपनीचं नाव खराब होतं."

साहेबांनी वही काढली. त्या पत्त्यावर दोन तक्रारी, तिसरी नाही. मग मेकॅनिक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आठव्यांदा तिथे का जातो? पुढच्या गुरुवारी सव्वाएकला साहेब स्वतः जिना चढले. भारी देहाचा माणूस, तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत कपाळ घामाने निथळत होतं. खालच्या दुकानात दोन्ही शिलाई मशिनं थांबली होती.

मेट्रनबाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. माणूस झोपलाय."

साहेबांनी आत डोकावलं. दिवाणावर पक्कड, तोंडाचा आ वासलेला, पायात मोजे, त्यातल्या एकाला भोक. स्वयंपाकघरात मशीन खळखळत होतं. बाईंनी साहेबांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.

"हा इथे का येतो?" साहेबांनी आवाज शक्य तितका दबका केला.

"दिसलं नाही का तुम्हाला?"

"तसं नाही. दुसऱ्या तक्रारीनंतर हा पुन्हा का आला होता?"

बाई तत्काळ म्हणाल्या, "त्याची चूक झाली होती. नवा थर्मोस्टॅट काढून ठेवला, जुनाच परत बसवला आणि चाचणी न घेता गेला. मी त्याला परत बोलावलं. त्याने दुरुस्त केलं. आता पाणी कढत येतं."

साहेबांच्या चेहऱ्यावर, माशी जाळ्यात सापडल्यावर कोळ्याच्या असेल तसा भाव आला. त्यांनी खिशातून छापील कागद काढला. "हे एवढं लिहून द्या, बाई. खाली सही. म्हणजे तिसरी तक्रार धरता येईल."

"देते ना." बाईंनी पेन घेतलं, चष्मा चढवला. "पण मी अर्धं रजिस्टर लिहीत नाही, सवय नाही. त्या दिवशी याला किती घरं दिली होती तुम्ही?"

"ते... बघावं लागेल."

"अकरा. त्याच्या हातातल्या यादीवर मी वाचलं. कंपनीच्या नियमाने किती?"

साहेब पाणी प्यायले.

"सात," बाई म्हणाल्या. "तेही त्याच यादीच्या मागे छापलंय. मग लिहू? त्या दिवशी अकरा घरं, जेवणाच्या सुट्टीची खूण नाही, फोनवर आजारी वडील. त्यानंतर चूक. म्हणजे वरच्या ऑफिसातल्या लोकांना नीट समजेल. तुमचं पद काय लिहू? स्पेलिंग सांगा."

स्वयंपाकघरात मशीनने पाणी बदललं. आत पक्कड कुशीवर वळला आणि काहीतरी पुटपुटला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एक पस्तीस. सुट्टीची पंचवीस मिनिटं शिल्लक होती, कायद्याने त्याचीच होती. साहेबांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि उठताना एवढंच म्हणाले, "याला सांगू नका मी आलो होतो."

"विचारलं तर सांगीन," बाई म्हणाल्या.

पक्कडने कधी विचारलं नाही. गोदामाचा हुकूम आला नाही. घरांची यादी अकराची नऊ झाली, सात कधीच झाली नाही. म्हातारा रात्रीचा ऑफिसला निघतच राहिला आणि पक्कड उठतच राहिला. साहेब जिन्यातून एकटेच, लाल तोंडाने उतरले, यावरून शिंपिणीच्या दुकानात असं ठरलं, की मेट्रनबाईंनी त्यांनाही नादी लावायचा प्रयत्न केला होता.

पुढे दहा महिन्यांनी म्हातारा गेला. झोपेतच गेला. त्यानंतर पक्कडचं गुरुवारचं येणं थांबलं. एकदा येऊन तो बाईंना सांगून गेला, "बाई, आता रात्री झोपतो मी." बाई म्हणाल्या, "बरं झालं," आणि आत निघून गेल्या. इमारतीत बोललं गेलं, की दोघांचं फाटलं.

खरी गोष्ट अशी आहे, की तो माणूस त्या घरी दर गुरुवारी पाऊण तास झोपत असे. बाई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसत. त्यापलीकडे तिथे काहीही घडलं नाही.